भिंतीच्या पोटात

शिक्रापूरला नगर रस्ता सोडून पाबळच्या वाटेला लागलं की कानांना आराम पडतो. कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या, एकावर एक चढवलेल्या प्लॉटिंगच्या पाट्या मागे राहतात. पुढे कांद्याचे वाफे, मधूनच डाळिंबाची बाग, बोडक्या टेकड्या आणि बहुतेक वस्त्यांपाशी एक कांद्याची चाळ. ही चाळ मला फार आवडली. जमिनीपासून हातभर उचललेली, बाजूंना फटी ठेवलेली, वर हलका पत्रा. वारा खालून शिरतो आणि वरून निघून जातो. मी लातूरकडचा. आमच्याकडे पूर्वी ज्वारी पेवात ठेवायचे, जमिनीत खोल, तोंडावर मातीचं झाकण. इकडे माल जमिनीपासून उचलून धरायची रीत, आमच्याकडे जमिनीच्या हवाली करायची. जमिनीवरचा तो विश्वास आमच्या भागानं एका पहाटे गमावला. पण ते पुढे येईलच.

केंदूरच्या अलीकडे चहाला थांबलो. इकडची माणसं प्रश्न सरळ विचारतात: कुठले, कुणाकडं, मुक्कामी का परत. आमच्याकडे आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो, मग चहा, आणि मग कुणीतरी हळूच गावाचं नाव विचारतं. दोन्हींत माया सारखीच, फक्त इकडे वेळ वाचतो.

"पाबळला म्हंजी मस्तानीला का आश्रमाला?" टपरीवाल्यानं विचारलं.

"दोन्हीकडे."

"मग आधी मस्तानीला जावा. आश्रमात गेला की लवकर सुटत न्हाई तुम्ही."

पाबळ मस्तानीला इनाम मिळालेलं गाव. १७४० मध्ये रावेरखेडीला बाजीराव गेले आणि पाठोपाठ तीही गेली. तिचं दफन इथलं. सिनेमातले झुंबर-महाल डोक्यात घेऊन येणाऱ्यांची इथे निराशा होते. जागा साधी, आटोपशीर आहे. कुणी हिला कबर म्हणतं, कुणी समाधी, आणि चपला दोघंही बाहेरच काढतात. माझ्याआधी आलेल्या एका कुटुंबातल्या बाईंनी चाफ्याची दोन फुलं वाहिली आणि मुलीला म्हणाल्या, "पाया पड, मोठी शूर होती." एवढा परिचय पुरेसा होता.

टपरीवाला खरं बोलला होता. विज्ञान आश्रमातून लवकर सुटका नाही. आश्रम हा शब्द ऐकून भगवी वस्त्रं डोळ्यांपुढे आणू नयेत. इथे वेल्डिंगच्या ठिणग्या आहेत, कोंबड्या आहेत, रोपवाटिका आहे आणि ग्रीसनं हात काळे झालेली खेड्यापाड्यांतली पोरं आहेत. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत शिकलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ. मुंबईतलं बस्तान सोडून त्यांनी १९८३ साली पाबळसारख्या दुष्काळी गावात ही संस्था काढली. शाळेत नापास ठरलेल्या पोरानं हातानं काम करता करता शिकावं, ही त्यांची धारणा. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या पुढाकारानं जगभर पसरलेल्या फॅब लॅबच्या साखळीतली एक अगदी सुरुवातीची प्रयोगशाळा याच माळावर सुरू झाली. कलबाग २००३ मध्ये गेले. पोरं अजूनही हात काळे करतात.

मी आलो होतो ते इथल्या घुमटांसाठी. आवारात शिरल्याबरोबर ते दिसतात: बुटके, पांढुरके, झाडांच्या सावलीत बसलेले. लोखंडाच्या पट्ट्यांचे त्रिकोण नट-बोल्टनं एकमेकांना जोडायचे, त्या सांगाड्यावर जाळी ताणून बांधायची आणि आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करायचा. कवच दोन बोटं जाडीचं. अमेरिकेतल्या बकमिन्स्टर फुलर यांनी अशा त्रिकोणी सांगाड्याच्या घुमटाचं पेटंट १९५४ मध्ये घेतलं होतं. पाबळनं तो गावच्या वेल्डरला जमेल असा करून घेतला. किल्लारीच्या भूकंपानंतर 'पाबळ डोम' या नावानं त्याची चर्चा झाली आणि आमच्या भागातही असे घुमट उभे राहिले.

एका पोराला विचारलं, "हा पडत का नाही?" त्यानं उत्तर देण्याऐवजी बाकावरच्या लोखंडी पट्ट्या उचलल्या. चार पट्ट्यांचा चौकोन बोल्टनं जोडून माझ्या हातात दिला. "दाबा, सर." दाबला; चौकोन लगेच तिरका झाला. मग एक पट्टी काढून त्यानं उरलेल्या तिघींचा त्रिकोण केला. "आता दाबा." जोर लावला, बोटं दुखली, त्रिकोण तसाच. "बास, एवढंच," तो म्हणाला. मी सिव्हिल इंजिनिअर आहे. हेच समजावून सांगायला आमच्या प्राध्यापकांनी फळाभर समीकरणं लिहिली होती.

आत गेलो. घुमटात आवाज वेगळाच लागतो; आपण कुजबुजलो तरी समोरच्या भिंतीपाशी बसलेल्याला ऐकू जातं. सासू-सुनांच्या घरात हे कसं चालेल, असं मनात आलं. भिंत म्हणावी अशी भिंतच नसते, त्यामुळे कपाट कुठे टेकवायचं आणि खुंटी कुठे ठोकायची, हा प्रश्न आलाच. गेटबाहेर भेटलेल्या एका शेतकरी आजोबांनी माझ्या मनातलं नेमकं बोलून टाकलं. "शाळंला झ्याक हाय, गोठ्यालाबी झ्याक हाय. पन पोराच्या लग्नाला असलं घर दावलं तर पोरगी कोन देईल?"

या वाक्यात घरबांधणीचं आपलं सगळं शास्त्र आलं. घर माणसाला झोपायला लागतं, पण बांधलं जातं ते पाहुण्यांनी बघावं म्हणून. आमच्याकडे वाड्याची पत माळवदावर ठरायची. सागवानी तुळया, त्यांवर लाकडाची किलचण, त्यावर पांढऱ्या मातीचे थर. दर उन्हाळ्यात आणखी एक थर चढायचा. माळवद जाड तितकं घर गार, आणि तितकं खानदान मोठं. खाली दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती. या भिंतींना दोन तोंडं असत: बाहेरून एक दगडाचं, आतून एक दगडाचं. मधल्या पोकळीत माती, गोटे, खापऱ्या, हाताला येईल ते. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड मधून मधून घालायला हवा. बहुतेक ठिकाणी तो घातलेला नव्हता. आणि बाहेरून भिंत बघून ते कुणालाच कळत नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, नाचून दमून माणसं नुकती झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीकडे जमीन हलली. सहाच्या थोडी वर तीव्रता, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम भूकंप. मेली जवळपास आठ हजार माणसं. जपानात एवढ्या धक्क्यानं फडताळातली भांडी पडतात. आमच्याकडे पहिल्याच हेलकाव्यात भिंतींच्या पोटातली भर खाली बसली, दोन तोंडं फाकली आणि शंभर वर्षांचं माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आलं. भूकंपाच्या सरकारी नकाशात तेव्हा आमचा भाग सगळ्यांत सुरक्षित पट्ट्यात रंगवलेला होता. मी शाळेत होतो. लातूर शहरात आमचं घर हललं, पण उभं राहिलं. त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्याकडची माणसं चांगल्या पक्क्या घरांसमोर पत्र्याचं शेड ठोकून त्यात झोपत. दिवसा घर, रात्री शेड.

पाबळच्या त्या घुमटात बसून मला नोटोची आठवण झाली. मी तिथे गेलेलो नाही, फक्त अहवाल वाचलेत आणि फोटो पाहिलेत. इटलीच्या सिसिली बेटावरचं हे गाव. १६९३ च्या भूकंपात जुनं नोटो जमीनदोस्त झालं, म्हणून दुसऱ्या जागी नवं वसवलं आणि त्यात पिवळसर दगडाचं, घुमटाचं देखणं कॅथेड्रल उभं केलं. डिसेंबर १९९० मध्ये तिथे पुन्हा धक्का बसला. कॅथेड्रलला इजा झाली, पण ते उभं राहिलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मग सव्वापाच वर्षांनी, १३ मार्च १९९६ च्या रात्री, जमीन हललेली नसताना खांब खचले आणि छतासकट घुमटाचा मोठा भाग खाली आला. आत कुणी नव्हतं, हे नशीब. कोसळलेले खांब तपासणाऱ्यांना दिसलं ते असं: बाहेरून घडीव दगडाचं कवच, आत कच्च्या चुन्यात टाकलेले गोटे आणि भर. शिवाय १९५० च्या दशकात जुनं लाकडी छप्पर उतरवून वर काँक्रीटचा जड स्लॅब घातलेला. दोन तोंडं, मधे भर, वर वाढवलेला भार. किल्लारीच्या गवंड्याला आणि नोटोच्या गवंड्याला एकमेकांची भाषा कळली नसती, चूक मात्र दोघांनी एकच केली.

घुमटाचा यात दोष किती? घुमट स्वतःच्या वजनावर उभा असतो. त्याचा वरचा भाग आवळला जातो आणि खालचा घेर बाहेर फाकू पाहतो. ते फाकणं आवरलं की तो हजार वर्षं उभा राहतो. इस्तंबूलच्या हागिया सोफियाचा पहिला घुमट भूकंपाच्या धक्क्यांनी खिळखिळा होऊन ५५८ मध्ये कोसळला. दुसरा बांधताना वीसेक फूट उंच घेतला, म्हणजे भार जास्त सरळ खाली उतरावा. रोमच्या सेंट पीटरच्या घुमटाला भेगा दिसल्यावर १७४३-४४ मध्ये लोखंडी कड्या आवळल्या. मोठ्या घुमटांचा इतिहास म्हणजे मोठ्या प्रमाणात कमरपट्ट्यांचा इतिहास आहे. पाबळच्या पोरांनी भार कमी करून तो प्रश्नच लहान केला. पडला तरी माणूस मरणार नाही इतकं हलकं घर, ही कल्पना मला कुठल्याही कॅथेड्रलइतकी भव्य वाटते. आजोबांच्या नातसुनेला वाटेल का, ते माहीत नाही.

पाबळहून पुन्हा नगर रस्त्यावर उतरून रांजणगावला महागणपतीपुढे हात जोडले. एमआयडीसीमुळे इथल्या रांगेत बिहारी, ओडिया, तमिळ सगळे असतात, आणि मोदक घेताना सगळे सारख्याच मराठीत घासाघीस करतात. मूळ मूर्ती दहा सोंडांची, वीस हातांची असून ती तळघरात लपवलेली आहे, अशी इथली श्रद्धा. देवानंही खरी गोष्ट पायात ठेवली म्हणायची. पेढ्याच्या दुकानदारानं दोन पेढे फुकट चाखायला दिले आणि तिसऱ्याला मात्र पाव किलोचा आग्रह धरला.

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. इंग्रजांची इथे छावणी होती. १८१७ च्या शेवटच्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण कोरेगावकडे निघाली ती इथूनच. पण मला इथली दुसरी गोष्ट जास्त गमतीची वाटते. कर्नल वॉलेस नावाचा अधिकारी १८०९ मध्ये इथे वारला. लोक त्याला सत्पुरुष म्हणू लागले, त्याच्या कबरीवर नारळ फुटू लागले, ऊद जळू लागला. जुन्या गॅझेटियरमध्ये याची नोंद आहे. परक्या सैन्याचा माणूस, तोही सेनाधिकारी, आणि गावानं त्याला देवपण बहाल केलं. आमच्याकडे निजामाच्या एखाद्या अंमलदाराला हा मान मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही.

मित्राकडे उतरलो. भोगी नुकतीच होऊन गेली होती, त्यामुळे बाजरीच्या भाकरीवर तीळ होते. आमची ज्वारीची भाकरी पांढरी, पातळ, हातावर डोलणारी. इकडची बाजरीची काळपट, जाड, आणि एकीत पोट भरणारी. पण त्या दिवशीचा मान मासवडीचा होता. मित्राच्या आईला आम्ही सगळे काकू म्हणतो. काकूंनी बेसन शिजवून घट्ट केलं, ओल्या फडक्यावर थापलं, वर भाजलेलं खोबरं, तीळ, खसखस, लसूण आणि कांद्याचं सारण पसरलं. मग फडक्याच्याच आधारानं गुंडाळी केली आणि तळव्यांनी दाबून तिला कडा आणल्या. कापल्यावर प्रत्येक वडीच्या मधोमध सारण बरोबर सारखं.

"सारण ढिलं राहिलं की रश्श्यात वडी फुटती," काकू म्हणाल्या. "दाबून भरायचं. कंजूसपना करायचा न्हाई."

किल्लारीचे गवंडी काकूंच्या हाताखाली शिकायला हवे होते.

जेवून ओट्यावर बसलो तर समोरच्या प्लॉटवर दुमजली बंगल्याचं काम चाललेलं. शेजारच्या ऐंशीच्या घरातल्या अण्णांना कोयनेचा भूकंप आठवत होता. "सदुसष्टचा डिसेंबर. पहाटंचीच वेळ. फळीवरचा डबा पडला, आई म्हनली मांजर आलं. सकाळी रेडिओवर कळलं." एवढं बोलून ते समाधानानं म्हणाले, "आपल्याकडं काय नसतं तसलं." पुणे जिल्हा भूकंपाच्या नकाशात मध्यम धोक्याच्या पट्ट्यात येतो, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते पावसाच्या अंदाजाइतक्याच गांभीर्यानं ऐकलं.

बंगल्यावरचा फिटर उत्तरेकडून आलेला, विशी-बाविशीचा. खांबाच्या उभ्या सळयांभोवती तो रिंगा बांधत होता. बाइंडिंग वायरचा पीळ देऊन आकड्यानं एक गिरकी, झाली गाठ. हात विलक्षण चपळ. पण प्रत्येक रिंगेची टोकं त्यानं काटकोनात वळवून सोडली होती. ती आणखी आत, खांबाच्या गाभ्याकडे वळवायला हवीत, १३५ अंशांत. जमीन हलते तेव्हा खांबाचं बाहेरचं काँक्रीट ढलपे उडून निघतं. काटकोनातली टोकं मग उघडतात, रिंग सुटते आणि उभ्या सळया बाहेर वाकतात. टोकं आत वळलेली असली तर काँक्रीट फुटूनही रिंग धरून ठेवते. बांधकामाच्या संहितेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. फिटरला विचारलं तर तो हसून म्हणाला, "सेठ ने बोला नहीं." शेठ खुर्ची टाकून तिथेच बसले होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "अहो, एकदा काँक्रीट ओतलं की आत कोण बघतंय? टाइल्स बघा, इटालियन आहेत."

इटालियन. मी नोटोचा विषय काढणार होतो, पण मित्रानं कोपरानं ढोसलं.

न्हावऱ्यावरून इनामगावकडे निघालो. घोड नदीच्या काठचं हे गाव पुरातत्त्वाच्या पुस्तकांत मोठं, प्रत्यक्षात शेतांनी वेढलेलं, शांत. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी १९६८ पासून इथली पांढरीची टेकाडं वर्षानुवर्षं उकरली आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गाव बाहेर काढलं. कुडाच्या भिंती मातीनं लिंपलेली घरं. तान्ही पोरं गेली तर त्यांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड जोडून, घराच्याच जमिनीखाली पुरायचे. मोठ्यांना पुरताना घोट्याखालून पाय तोडायचे; मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून असेल, असा अभ्यासकांचा तर्क. घराची ओढ तेव्हाही अशी.

इनामगावच्या भरभराटीच्या काळातली घरं चौकोनी आणि ऐसपैस. पुढे, इसवी सनापूर्वी हजारच्या सुमारास पाऊस कमी होत गेला, शेती उतरली, आणि लोक लहान गोल झोपड्यांत राहू लागले. म्हणजे उत्खननातही गोल घर हे गरिबीचं चिन्ह ठरलं. पाबळच्या आजोबांना पुरातत्त्वाचा पाठिंबा आहे, हे मला तिथल्या बांधावर उभं राहून कळलं. मात्र त्या कुडाच्या झोपड्यांखाली भूकंपात कुणी चिरडून मेलं असेल, असं मला वाटत नाही.

दौंडकडे जाताना जमिनीचा रंग बदलतो. कांदा, बाजरी संपते आणि उसाचा हिरवा पडदा दोन्ही बाजूंनी दाटतो. पुढे भीमेचं रुंद पात्र. या पात्रातल्या वाळूवर पुण्यातले किती मजले उभे असतील याचा हिशेब कुणाकडे नाही. वाळूचे ट्रक रात्री जातात आणि हिशेब दिवसा मांडतात. दौंड हे रेल्वेचं गाव. मनमाडचा फाटा १८७८ मध्ये सुरू झाला तेव्हापासून इथे सगळ्या मुलखांची माणसं उतरली आणि राहिली. त्यामुळे शिरूरसारख्या चौकशा इथे नाहीत. इथे माणूस विचारतो, "किती वाजताची आहे?" गाडी नसलेला माणूस इथे का येईल, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. स्टेशनबाहेर एका लाकडी बाकावर भीमेचा मासा खाल्ला, लाल तिखटात लडबडलेला. मालक तीन भाषांत तीन गिऱ्हाइकांशी भांडत होता आणि चौथ्याला वाढत होता.

गावाबाहेर ऊसतोडीची टोळी उतरली होती. माळावर तीस-चाळीस कोप्या: बांबूच्या कांबी वाकवून जमिनीत खोचलेल्या, त्यांवर पाचट, त्यावर निळा-काळा कागद. दारात एक बाई चुलीवर भाकरी थापत होती. ज्वारीची. तो पांढरा रंग बघून पाय आपोआप थांबले.

"कुठल्या तुम्ही, मावशी?"

"केजकडल्या. तुम्ही कुठले वो?"

"लातूर."

"मंग आपलेच की! ये पोरे, पाणी दे दादाला." आधी पाणी. मग चहा. गावाचं नाव विचारून झालं होतं तरी क्रम चुकला नाही.

नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत पहाटे तीनला उठून फडात जायचं. संध्याकाळी वाढ्यांची मोळी विकून मीठ-मिरची. गावी घर आहे, स्लॅबचं, उचलीच्याच पैशांतून बांधलेलं; वर्षातले सहा महिने त्याला कुलूप. मी म्हटलं, "भूकंपाची भीती वाटते का अजून?" ती हसली. "कोपीत कशाची भीती? वारं आलं तर ही उडून जाती, पडत न्हाई. भीती सापाची." भाकरी तव्यावर टाकून तिनं कोपीच्या एका कांबीला सहज हात लावला. सगळी कोपी हलली आणि पुन्हा जागेवर आली.

सगळ्यांत सुरक्षित घर सगळ्यांत गरीब माणसाकडे असावं, यात आनंद मानण्यासारखं काही नाही. कोपीत पोरांना थंडी वाजते, पावसाची एक सर आली की अंथरूण भिजतं, आणि ऊस पेटला तर कागद आधी पेटतो. भूकंपासाठी कुणी कोपीत राहावं असं मी म्हणणार नाही. पण हलकेपणा ही गरिबांवर आलेली पाळी आणि जडपणा ही श्रीमंतांची हौस, ही वाटणी आपण दगडावर कोरल्यासारखी का मान्य केली आहे, हे मला अजून उमगलेलं नाही.

चौफुल्याकडे जाताना गुऱ्हाळांचा वास रस्ताभर सोबत करतो. एका ठिकाणी थांबून गरम काकवी प्यालो. काहिलीत रस उसळत होता, गुळव्या भेंडीच्या पाण्यानं वर आलेली मळी काढत होता. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये गेलो. दुष्काळ आणि प्लेग यांच्या काळात शेकडो मुली-बायकांना या बाईंनी इथे आसरा दिला, छापखाना चालवला, बायबलचं मराठी भाषांतर हिब्रू आणि ग्रीकवरून स्वतः केलं. १९२२ मध्ये त्या इथेच गेल्या. इथलं चर्च मोठं आहे, पण दिमाख नाही. शेकडो जणींना एकत्र बसता यावं एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा दिसते. घुमट नाही. रमाबाईंना उंचीपेक्षा जागा जास्त लागत होती.

यवतहून डोंगर चढून भुलेश्वरला गेलो. हद्द पुरंदरची, पण येणंजाणं यवतकडूनच. लांबून बघणाऱ्याला हे देऊळ वाटत नाही. घुमट आणि मनोरे दिसतात, एखाद्या मशिदीसारखे. आत शिरलं की यादवकाळ सुरू होतो: काळा दगड, अंधार, आणि अंधारात उजळत जाणारी शिल्पं. १६२९ च्या सुमारास मुरार जगदेवानं इथे दौलतमंगळ किल्ला बांधला. बाहेरचे विटा-चुन्याचे घुमट दगडी गाभ्यावर नंतर चढले. मी सवयीनं सांधे बघत फिरलो. खाली दगडावर दगड, घडीव, एकमेकांत बसवलेले. मात्र शिल्पांची नाकं, हात, मांड्या फुटलेल्या आहेत, ओळीनं. गुरव म्हणाला, "ह्ये धरणीनं न्हाई केलं. मान्सानं घनानं केलंय." शिवलिंगापुढे पेढे ठेवले की त्यातला एखादा नाहीसा होतो, अशी इथली ख्याती. मी ठेवलेले सगळे परत मिळाले. गुरव म्हणाला, "आज देवाचा उपास आसंल."

पायऱ्यांवर फुलं-बेल विकणाऱ्या मावशींनी चपला राखल्या होत्या. मी इंजिनिअर आहे हे त्यांना ड्रायव्हरकडून आधीच कळलेलं.

"आमचं घरकुल मंजूर झालंय. चार पिल्लर घेतलेत. कायतरी सांगा की."

मी रिंगांबद्दल सांगितलं: खांबाच्या वरच्या आणि खालच्या टोकांना जवळ जवळ घाला, आणि टोकं आत वळवा. बेलाच्या डहाळीची काडी वाकवून दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, वाकवली, सोडली, पुन्हा वाकवली.

"पैसं वाढतील?"

"रिंगेमागे वीतभर सळई. फार नाही."

त्यांनी लगेच पोराला फोन लावला, तो स्पीकरवर टाकला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं, काडीसकट. पलीकडे थोडा वेळ फावड्यांचा आवाज आला. मग पोरगा म्हणाला, "आये, मिस्त्री म्हंतोय, मी वीस वरसं आसंच बांधतोय, एकबी पडलं न्हाई."

मावशींनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "फोन द्या जरा इकडे."